घर, पेन्शन आणि ब्रेक्झिट: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ब्रेक्झिटबद्दल, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं त्याबद्दल, लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की २०१६ च्या मतदानात आजोबा एकीकडे आणि नातू दुसरीकडे गेले आणि त्याचं कारण राजकारणापेक्षा घराच्या कागदांत आणि पेन्शनच्या पासबुकात जास्त सापडतं. त्या एका वाक्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आलीत. काही रागाची आहेत, एक-दोन वाचून मी रात्री उशिरापर्यंत विचार करत बसले. त्यातली पाच इथे घेतेय.

ताई, माझा मुलगा लेस्टरला आयटीत आहे. परवा फोनवर म्हणाला, इथल्या म्हाताऱ्यांनी आधी स्वतःची सोय लावून घेतली आणि मग तरुणांचा दरवाजा बंद केला. मी ६९ वर्षांचा आहे, बँकेतून रिटायर झालोय, पेन्शनवरच जगतो, त्यामुळे ते वाक्य मला लागलं. खरंच इतकं सरळ आहे का हो हे?
(एक वाचक, ठाणे)

काका, मुलगा खोटं बोलत नाहीये पण अर्धंच सांगतोय. आधी आकडे बघू. २३ जून २०१६ ला मतदान झालं, ७२ टक्के लोकांनी मत दिलं, ५१.९ टक्के म्हणाले युरोपियन युनियनमधून निघूया, ४८.१ टक्के म्हणाले राहूया. आता मतपत्रिकेवर वय लिहिलेलं नसतं, त्यामुळे वयाचा हिशोब नंतरच्या सर्व्हेंवरून लावलेला आहे, पण ते सगळे एकच सांगतात, की १८ ते २४ मधले साधारण सत्तर टक्के 'राहूया' वाले होते आणि पासष्टीच्या पुढचे साठ टक्के किंवा जास्तच 'निघूया' वाले.

आता पैशाचं. जो माणूस २०१६ ला सत्तरीत होता तो कॉलेजात गेला असेल तर त्याला फी पडली नाही, खर्चाला सरकारी ग्रँट मिळाली, नोकरी लागली तर बऱ्याच ठिकाणी शेवटच्या पगारावर पेन्शन देणारी, म्हणजे आपल्याकडच्या 'जुन्या पेन्शन'सारखीच. १९८० च्या कायद्याने कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तेच घर भरपूर सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला आणि लाखो लोकांनी तो घेतला, आणि मग घरांच्या किमती अशा चढल्या की १९९७ मधे इंग्लंडमधलं साधारण घर साधारण माणसाच्या वर्षाच्या पगाराच्या साडेतीनपट होतं ते २०१६ पर्यंत साडेसातपटीच्या वर गेलं. ज्याचं घर आधीच होतं तो झोपेतही श्रीमंत होत गेला आणि नातवाला मात्र १९९८ पासून कॉलेजची फी, २०१२ पासून तर वर्षाला ९००० पौंडांपर्यंत, त्याचं कर्ज डोक्यावर, खाजगी कंपन्यांनी ती शेवटच्या पगाराची पेन्शन नव्या लोकांना देणं जवळजवळ बंदच केलं, आणि पगाराचा मोठा हिस्सा घरभाड्यात. त्यात २०१० च्या सरकारने सरकारी पेन्शनला तिहेरी हमी दिली, म्हणजे महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के ह्यातलं जे जास्त असेल तितकी दरवर्षी वाढ. तरुणांच्या पगाराला अशी हमी कोणी दिली नाही.

म्हणून बाहेर पडलो तर पौंड कोसळेल, महागाई होईल, नोकऱ्या जातील असं सांगितलं जात होतं तेव्हा ज्याचं घराचं कर्ज फिटलंय आणि ज्याची पेन्शन दर एप्रिलला वाढणारच आहे त्याच्या पोटात गोळा येत नव्हता. तेव्हाचे पंतप्रधान कॅमरन ह्यांनी शेवटी शेवटी तुमच्या पेन्शनच्या हमीलाही धोका आहे असं सांगून बघितलं, पण लोकांना ते पटलं नाही.

पण काका, म्हातारी माणसं स्वभावानेच संघ मोडायच्या बाजूची असतात असं तुमच्या मुलाने समजू नये, आणि ह्याचा पुरावा दोनच वर्षं आधीचा आहे. १८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडने मतदान केलं, ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का म्हणून. तेव्हा बरोबर उलटं झालं! पासष्टीच्या पुढचे साधारण सत्तर टक्के लोक म्हणाले नको, आहे तिथेच राहू, आणि वेगळं व्हायचा उत्साह तरुणांत जास्त होता. शेवटी ५५ टक्के 'नको' ने जिंकले. कारण काय, तर पेन्शन लंडनहून येते. वेगळं झालो तर ती कोण देणार, कुठल्या चलनात देणार, पौंड राहणार का, हा प्रश्न एडिंबरा आणि ग्लासगोच्या आजीआजोबांना झोपू देत नव्हता, कारण लंडनने आधीच सांगून टाकलं होतं की पौंड वाटून घेणार नाही. आणि २०१६ ला? ब्रुसेल्सशी, म्हणजे युरोपियन युनियनशी, पेन्शनचा संबंधच नव्हता, ब्रेक्झिट झालं काय आणि नाही झालं काय पेन्शन लंडनच देणार होतं. मला तरी ह्या दोन मतदानांतून एवढंच दिसतं, की माणूस म्हातारा झाला म्हणून संघ तोडत नाही, आपली भाकरी कुठल्या चुलीवर भाजली जाते ते बघतो आणि ती चूल सोडून बाकीच्याबद्दल मोकळेपणाने मत देतो. तरुणही तेच करतो, फक्त त्याची चूल अजून पेटलेली नसते.

आणि राहिलेलं अर्धं असं, की सगळे म्हातारे सुखात नव्हते हो. १९५० च्या दशकात जन्मलेल्या बायकांना साठीला पेन्शन मिळेल असं आयुष्यभर वाटत होतं आणि ते वय टप्प्याटप्प्याने ६६ वर गेलं, कित्येकींना नीट कळवलंही गेलं नाही असं त्या अजून सांगतात. लिंकनशरमधल्या बॉस्टन गावात ७५ टक्क्यांहून जास्त लोकांनी बाहेर पडायला मत दिलं, स्टोकमधे जवळपास ६९ टक्के, आणि ही काही गब्बर पेन्शनरांची गावं नाहीत. म्हणजे ज्याचं सगळं सुरक्षित तो पण निघाला आणि ज्याच्याकडे गमवायला काही उरलंच नव्हतं तो पण निघाला. मुलाला हे सांगा आणि ते वाक्य लागलं हेही सांगा, फोनवर सांगता येत नसेल तर लिहून पाठवा.

मी १९७१ साली मुंबईहून इथे आलो, ३५ वर्षं सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर होतो. मी बाहेर पडायला मत दिलं आणि मला त्याची लाज वाटत नाही. माझी मुलगी त्यावरून माझ्याशी दोन महिने बोलली नव्हती. तुमचं लिखाण वाचून वाटलं की आम्ही सगळे स्वार्थी. आमच्या मतामागे दुसरं काही असू शकतं की नाही?
(एक वाचक, हॅरो, लंडन)

डॉक्टरकाका, असू शकतं आणि आहे, आणि ते मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. १ जानेवारी १९७३ ही तारीख बघा. त्या दिवशी ब्रिटन युरोपच्या बाजारात (पुढे त्याचंच युरोपियन युनियन झालं) सामील झालं, आणि त्याच दिवशी इथला १९७१ चा इमिग्रेशन कायदा लागू झाला ज्याने भारतासारख्या कॉमनवेल्थ देशांतल्या, म्हणजे बहुतेक पूर्वी ब्रिटिश साम्राज्यात असलेल्या देशांतल्या, लोकांसाठी दार बरंच आवळलं. एकाच सकाळी एक दार उघडलं आणि दुसरं लोटलं गेलं. तुमच्या पिढीने पुढे भाच्याला बोलवायचं तर किती कागद, किती मुलाखती, आणि त्याच वेळी युरोपातला कुणीही तिकीट काढून येतो, हे चाळीस वर्षं बघितलं. २०१६ च्या प्रचारात हेच बोललं गेलं, की युरोपचं दार लावलं तर आपल्याकडच्या लोकांना, आपल्या हॉटेलांच्या आचाऱ्यांना जागा होईल. आशियाई मतदारांमधे बहुतेक 'राहूया' वालेच होते पण साधारण एक तृतीयांश तुमच्यासारखे होते, तेव्हा तुम्ही काही एकटे नाही.

पण मुलीची बाजू पण ऐका ना. तुमच्या पत्रात तुम्हीच लिहिलंय की हॅरोचं घर १९७८ ला एकवीस हजार पौंडांना घेतलं आणि आज त्याचे साडेपाच लाखाच्या वर सांगतात. तुमची मुलगी तुमच्याइतकीच शिकली, तुमच्याइतकीच राबते, आणि तिला ते घर कधीच घेता येणार नाही, तिच्याकडे त्याऐवजी होतं काय तर हवं तेव्हा बर्लिनला, ॲम्स्टरडॅमला जाऊन कुणाला न विचारता नोकरी करता येण्याचा हक्क, आणि तो एका रात्रीत गेला. तुम्हाला ती सोय वाटली असेल, तिच्यासाठी तेवढीच मालमत्ता होती. तुम्ही घरातून मत दिलंत, तिने घराबाहेरून. मला तुमच्या दोघांचंही पटतं आणि त्यामुळेच मला ह्या विषयाचा त्रास होतो.

माझी मावशी २००९ पासून स्विंडनला आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर गेली. ती सांगते की तिला ब्रेक्झिटला मत देता आलं नाही पण तिच्या शेजारच्या कोल्हापूरच्या बाईंनी भारतीय पासपोर्टवर मत दिलं. हे कसं शक्य आहे? ती अजून ह्यावर चिडते.
(एक वाचक, म्हापसा)

अगदी शक्य आहे आणि मावशीचं चिडणं बरोबर आहे. ह्या मतदानात ब्रिटिश, आयरिश आणि ब्रिटनमधे राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकांना हक्क होता. भारत कॉमनवेल्थमधे, त्यामुळे माझ्याकडे तेव्हा भारतीय पासपोर्ट होता तरी मी मत दिलं, त्या दिवशी लंडनच्या बाजूला धो धो पाऊस होता, चपला हातात घेऊन मतदान केंद्रावर गेले होते ते आठवतंय. युरोपियन देशांच्या नागरिकांना मात्र हक्क नव्हता, माल्टा आणि सायप्रस सोडून कारण ते दोन्हीकडे आहेत. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे मावशीने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तेव्हा भारतीय गेला आणि त्याच्याबरोबर हे मतही गेलं. जिचं सगळं पणाला लागलं होतं तिला विचारलं नाही, मला विचारलं जिला फारसा फरक पडणार नव्हता. वर स्विंडनने बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं, जवळपास ५५ टक्के.

एक महत्त्वाचं, मावशीने सेटलमेंट स्कीमचा, म्हणजे आधीपासून ब्रिटनमधे असलेल्या युरोपियन नागरिकांना पुढेही राहता यावं म्हणून काढलेल्या योजनेचा, अर्ज केला होता ना? मुदत ३० जून २०२१ पर्यंत होती. पाच वर्षं झालेल्यांना कायमचं स्टेटस मिळालं, पाच वर्षं पूर्ण न झालेल्यांना तात्पुरतं. तिच्याकडे तात्पुरतंच असेल तर आजच चेक करायला सांगा, पुढे ढकलू नका. आणि मावशीसारख्यांना घर नाही, मोठी पेन्शन नाही, बहुतेकजण गोदामांत, फॅक्टऱ्यांत, हॉस्पिटलच्या सफाईत, त्यामुळे वय पन्नाशीच्या पुढे असलं तरी त्यांचं मत विचारलं असतं तर मला वाटतं ते नातवांच्या बाजूने पडलं असतं.

मी २४ वर्षांची, मँचेस्टरला मास्टर्स करतेय. आमच्या वर्गातले ब्रिटिश मुलं म्हणतात की जुनी पिढी गेली की आपण परत युरोपात जाऊ. होईल का असं? की आमचं वय वाढलं की आम्हीपण तसेच होऊ?
(एक वाचक)

अगं, जुनी पिढी जायची वाट बघणं मला ऐकायलाच नको वाटतं, ती कुणाचीतरी आजी असते. आणि हिशोबही तितका सोपा नाहीये. १९७५ ला ह्याच ब्रिटनने मतदान केलं होतं, युरोपात राहायचं का, आणि ६७ टक्के 'हो' म्हणाले होते. त्यातले जे तेव्हा तुझ्या वयाचे होते तेच २०१६ ला पासष्टीला पोचले. मधे त्यांची घरं झाली, कर्जं फिटली, पेन्शन सुरू झाली. तुझ्या वर्गातल्या मुलांची घरं चाळिशीपर्यंत झालीच नाहीत तर ती वडिलांसारखी बदलतील असं मला वाटत नाही, त्यामुळे खरा प्रश्न घरं बांधली जातायत का हा आहे. २०१६ ला १६-१७ वर्षांच्या मुलांना मत नव्हतं, स्कॉटलंडला २०१४ ला होतं, हेही वर्गात सांग. आणि जाता जाता, शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायचा जो व्हिसा तुला मिळेल तो २०१२ ला बंद झाला होता आणि ब्रेक्झिटनंतर २०२१ ला परत सुरू झाला, तेव्हा डॉक्टरकाकांचं पत्रही नीट वाच.

आम्ही दोघं तीस वर्षांनी इंग्लंडहून पुण्यात परत आलो. आमची ब्रिटिश सरकारी पेन्शन वाढतच नाही. स्पेनला राहणाऱ्या आमच्या इंग्रज मित्राची मात्र दरवर्षी वाढते, ब्रेक्झिट होऊनसुद्धा! आमच्या अर्जात काही चुकलंय का?
(एक वाचक, पुणे)

नाही, तुमचं काही चुकलेलं नाही, नियमच तसा आहे. ब्रिटन युरोपातल्या आपल्या पेन्शनरांना दरवर्षीची वाढ देतं आणि बाहेर पडल्यावरही ती चालू ठेवली, पण भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा बऱ्याच देशांत पेन्शन तुम्ही तिथे गेलात किंवा तिथे ती सुरू झाली त्या दिवशीच्या आकड्यावर गोठते. एप्रिल २०१६ ला पूर्ण नवी पेन्शन आठवड्याला १५५.६५ पौंड होती, २०२५ ला २३०.२५ झाली, म्हणजे कुणी २०१६ लाच पुण्यात घ्यायला लागला असेल तर तो अजून १५५ वरच आहे. शिवाय पौंड मतदानाच्या आधी शंभर रुपयांच्या आसपास होता आणि सहा-सात महिन्यांत ऐंशीच्या घरात आला तेव्हाची ती झळ तुम्हाला आठवतच असेल. वर मी ज्या तिहेरी हमीबद्दल लिहिलं ती तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

दोन गोष्टी करा. तुमच्यापैकी कुणी सरकारी हॉस्पिटलात किंवा शाळेत नोकरीला असेल तर त्या नोकरीची पेन्शन वेगळी, ती परदेशातही वाढते, तेव्हा दोन्ही एकच समजून गप्प बसू नका, कागद वेगळे काढून बघा. आणि पुन्हा कायमचं इंग्लंडला राहायला गेलात तर सरकारी पेन्शन त्या दिवसापासून चालू दराने मिळते, पण नुसत्या त्यासाठी ह्या वयात घर हलवायच्या आधी मला एकदा दोघांच्या पेन्शनचे आकडे पाठवा, आपण बसून हिशोब करू.