समजू नये म्हणून?

प्रश्न : यंदा बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे मार्कनं सांगितलेली येशूची कहाणी, सलग वाचायला घेतलं आणि चौथ्या अध्यायात अडकले. पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे वेगवेगळ्या जमिनींवर पडलेल्या बियांची बोधकथा, सांगून झाल्यावर येशू शिष्यांना म्हणतो की, बाहेरच्यांना सगळं दाखल्यांनीच सांगितलं जातं, त्यांनी पाहावं पण त्यांना दिसू नये, ऐकावं पण समजू नये म्हणून. मी तर लहानपणापासून ऐकत आले की साध्या माणसांना कळावं यासाठी तो गोष्टी सांगायचा. मग खरं काय? लोकांना कळू नये अशी इच्छा असलेला गुरू मला पटत नाही.

उत्तर : मलाही पटला नव्हता. 31 वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं, त्यातली पहिली दहाएक वर्षं मी हे वचन चक्क ओलांडून पुढं जात असे. पेरणारा, वाटेवरचं बी, खडकाळ जमीन, काटेरी झुडपं, चांगली जमीन आणि मग थेट तेराव्या वचनापासून स्पष्टीकरण. मधली तीन वचनं गायब. एकदा एका मुलीनं बोट ठेवून विचारलं, "बाई, हे राहिलं." तेव्हापासून गाळणं बंद केलं.

आधी त्या 'म्हणून'कडे पाहू. 'समजू नये म्हणून' आणि 'समजत नाही म्हणून' ही आपल्या भाषेत दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात हेतू आहे, दुसऱ्यात कारण. मार्कनं वापरलेला 'हिना' हा ग्रीक शब्द हेतूकडे झुकतो. हाच प्रसंग दुसरा शुभवर्तमानकार मत्तय तेराव्या अध्यायात सांगतो तेव्हा तिथं 'होति' असा शब्द आहे, म्हणजे 'कारण'. लोक पाहत असून पाहत नाहीत, म्हणून मी दाखल्यांनी बोलतो. मार्कची धार मत्तयानं बोथट केली असं काही अभ्यासक म्हणतात. असेल. पण दोघांच्याही मागे जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या (देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या) पुस्तकाचा सहावा अध्याय आहे, आणि तो वाचला की सूर कळतो. देव यशयाला पाठवताना म्हणतो, जा, या लोकांना सांग, ऐकत राहा पण समजू नका. आई वैतागून म्हणते ना, "अजिबात ऐकू नकोस हं माझं!" मुलानं ऐकू नये अशी तिची इच्छा असते का? यशयाला तो सूर कळला असावा. तो लगेच विचारतो, "प्रभू, कुठवर?"

मार्कचा तोच अध्याय पुढं वाचा. लगेच दिव्याची गोष्ट येते. दिवा कुणी मापाखाली ठेवायला आणत नाही, आणि जे झाकलेलं आहे ते उघड व्हावं यासाठीच झाकलेलं आहे. शेवटी, तेहतिसाव्या वचनात, लोकांना ऐकता येईल तेवढंच तो सांगत असे, असं मार्क लिहितो. झाकण्याची भाषा करणारा लेखक एवढी दारं उघडी ठेवत नाही. आणि बारावा अध्याय तर पाहाच. द्राक्षमळ्याच्या दुष्ट कुळांचा दाखला ऐकून पुढाऱ्यांना नेमकं कळलं की हा आपल्याला उद्देशून आहे. कळलं म्हणूनच ते त्याला धरायला निघाले.

तेव्हा दाखल्याचं काम सोपं करून सांगणं हे आहे, असं मी तरी आता मानत नाही. आपला 'दाखला' हा शब्दच थोडी दिशाभूल करतो. आधी मुद्दा, मग त्याच्या पुष्ट्यर्थ दाखला, असं आपल्याला वाटतं. ग्रीक 'पॅराबोले' म्हणजे एक वस्तू दुसरीच्या शेजारी आणून ठेवणं. त्यामागचा हिब्रू 'माशाल' आणखी पसरट आहे, त्यात म्हण, कोडं, टोमणा सगळं बसतं. मला तर त्यातला कोड्याचा आणि टोमण्याचा अर्थच येशूच्या गोष्टींना जवळचा वाटतो.

तो अर्थ सगळ्यात स्वच्छ दिसतो तो येशूच्या कितीतरी आधीच्या एका गोष्टीत. दावीद राजानं आपला सैनिक उरीया याची बायको घेतली आणि त्याला लढाईत मरायला पाठवलं. नाथान संदेष्टा दरबारात येऊन एवढंच सांगतो की, एका श्रीमंतानं गरिबाची एकुलती एक मेंढी पळवली. राजा भडकतो, त्या माणसाला मरण द्यावं, मेंढीची चौपट भरपाई घ्यावी, म्हणतो. नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस." नाथाननं सरळ सांगितलं असतं तर राजाला बचावाची दहा कारणं सुचली असती. गोष्टीनं त्याला आधी न्यायाधीशाच्या आसनावर बसवलं, निकाल त्याच्याच तोंडून घेतला, आणि मग आरोपी कोण ते दाखवलं.

याचा मला बसलेला चटका सांगते. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) एका वर्षी शिक्षकांचा सत्कार झाला. माझी तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती, शेजारी बसलेल्या मुलीचे जेमतेम तीन महिने. दोघींना एकाच आकाराचं प्रशस्तिपत्र, आणि मजकूरही तोच, तीन वाक्यांचा. फक्त नाव बदललेलं. मी हसून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन ते कपाटात उलटं ठेवलं. पुढच्याच रविवारी शिकवायला आला मत्तयाचा विसावा अध्याय. पहाटेपासून राबलेल्या मजुरांना एक दिनार, आणि शेवटचा एकच तास काम केलेल्यांनाही एक दिनार. इतकी वर्षं मी ही गोष्ट मळ्याच्या मालकाच्या बाजूनं शिकवली होती, कृपा कशी उदार असते वगैरे. त्या दिवशी मी पहाटेच्या मजुरांच्या रांगेत उभी होते आणि चांगलीच कुरकुरत होते.

तेव्हाच एक बारकावा पहिल्यांदा दिसला. मालक कारभाऱ्याला मुद्दाम सांगतो की, शेवटच्यापासून सुरुवात कर. आधी आलेल्यांना आधी दिलं असतं तर ते ठरलेला दिनार घेऊन खुशीत घरी गेले असते, गोष्टच घडली नसती. त्यांना थांबवून, दुसऱ्याच्या हातात पडलेलं नाणं पाहायला लावलंय. आणि मग प्रश्न येतो, मी चांगला आहे हे तुझ्या डोळ्यात खुपतं का? तो प्रश्न मला होता. 'देव उदार आहे' हे वाक्य मला पाठ होतं, पण त्यानं कपाटातलं प्रशस्तिपत्र सुलटं झालं नसतं.

आता तुमचे 'बाहेरचे'. ते कोण? मार्क दहाव्या वचनात सांगतो की, गर्दी पांगल्यावर बारा शिष्य आणि त्यांच्याबरोबर जे होते ते मागं राहिले आणि त्यांनी अर्थ विचारला. त्यांनाही गोष्ट कळली नव्हतीच, "हा दाखला तुम्हांला समजला नाही काय?" असं येशू त्यांनाच म्हणतो. बाहेरचे गोष्ट ऐकून घरी गेले, आतले थांबले आणि विचारत बसले, एवढाच फरक मला त्या पानावर दिसतो. तुम्ही पत्र लिहिलंत, तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात लुटून घायाळ केलेल्या माणसाला दोघे टाळून जातात, परका शोमरोनी मात्र त्याला उतारशाळेत नेतो. ती उतारशाळा म्हणजे मंडळी, असं एका प्रवचनात ऐकलं. प्रत्येक वस्तूला असा अर्थ असतो का?

उत्तर : हा अर्थ जुना आहे. संत ऑगस्टीन यांनी घायाळ माणूस म्हणजे पहिला मानव आदाम, उतारशाळा म्हणजे मंडळी आणि तिचा मालक म्हणजे प्रेषित पौल, असं लावलं होतं. उलट 1888 मध्ये जर्मन अभ्यासक अडोल्फ यूलिखर यांनी आग्रह धरला की, दाखल्यात मुद्दा एकच असतो. मला दोन्ही टोकं नकोत. पेरणाऱ्याच्या दाखल्यात शुभवर्तमानच एकेका जमिनीचा अर्थ देतं, तिथं यूलिखर अडखळतात. पण सगळीकडे तसं करू गेलात तर लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला, विधवेच्या तगाद्याला कंटाळून न्याय देणारा न्यायाधीश म्हणजे देव, असं म्हणावं लागेल. तिथं तर तुलना उलटी आहे. असला माणूसही ऐकतो, तर देव किती लवकर ऐकेल!

मी एकच बघते. गोष्ट कुणाला सांगितली? शोमरोन्याची गोष्ट एका शास्त्र्याला सांगितली, "माझा शेजारी कोण?" असं विचारणाऱ्याला. यहूदी आणि शोमरोनी एकमेकांचं तोंड पाहत नसत. येशू शेवटी विचारतो, तिघांपैकी शेजारी कोण ठरला? शास्त्री उत्तर देतो, "ज्यानं त्याच्यावर दया केली तो." 'शोमरोनी' हा शब्द त्याच्या तोंडातून निघत नाही. मी तिथं थांबते. उतारशाळेपर्यंत जायला वेळच उरत नाही.

प्रश्न : श्रीमंत मनुष्य आणि त्याच्या दारातला भिकारी लाजर ही खरी घडलेली घटना आहे का? दाखल्यांत एरवी कुणाला नाव नसतं.

उत्तर : गोष्टीत येणारा पूर्वज अब्राहाम सोडला, तर नाव फक्त लाजरालाच आहे, हे बरोबर. त्यावरून काहीजण ती खरी घटना मानतात, मी मानत नाही. जगात श्रीमंताचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं आणि दारातल्या भिकाऱ्याचं कुणालाच नसतं, इथं नेमकं उलट केलंय. नाव कशासाठी दिलं असेल हे शोधायचं तर त्याच अध्यायातलं, लूक 16 मधलं चौदावं वचन आधी वाचा. ऐकणारे कोण होते आणि त्यांना कशाचा लोभ होता, ते तिथं लिहिलंय.