प्राथमिक शिक्षक विज्ञान कसं शिकवतात, हे त्यांनाच प्रश्नावली देऊन मोजता येतं का?

तुमचा प्रबंध याच विषयावर आहे आणि मार्गदर्शक म्हणतात, शिक्षकांच्या स्वतःच्या उत्तरांवर विसंबू नका. मला हे अर्धंच पटतं. काय केलं, किती वेळा केलं, हे शिक्षक बऱ्यापैकी खरं सांगतात. कसं केलं, हे विचारलं की प्रश्नावली तोकडी पडते.

त्यात लबाडी नसते. अमेरिकन शिक्षण-संशोधक डेव्हिड कोहेन यांनी १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शिक्षिकेच्या गणिताच्या वर्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपलं शिकवणं पार बदललंय, असं त्या बाईंना मनापासून वाटत होतं. साहित्य नवं होतं, कृतीही नव्या होत्या. पण उत्तर बरोबर की चूक, इथेच गाडी थांबायची. त्यांना प्रश्नावली दिली असती, तर त्यांनी प्रामाणिकपणे वरच्या श्रेणीवर खूण केली असती.

विज्ञानात हे फार जाणवतं. ‘मुलं प्रयोगाची आखणी स्वतः करतात’ हे विधान घ्या. दोन शिक्षिका ‘बहुतेक वेळा’वर खूण करतात. एकीच्या वर्गात मुलं फळ्यावरच्या पायऱ्या वाचून एक कुंडी उजेडात आणि एक अंधारात ठेवतात. दुसरीच्या वर्गात दोन्ही कुंड्यांना पाणी सारखंच घालायला हवं का, यावरून मुलांची जुंपते आणि बाई लगेच मध्ये पडत नाहीत. आकडेवारीत दोघी एकाच रकान्यात.

म्हणून ‘सहसा’, ‘वर्षभरात’ असे शब्द काढून टाका. गेल्या विज्ञानाच्या तासाबद्दल विचारा: काय मोजायचं हे कोणी ठरवलं, शिक्षकांनी, पुस्तकाने की मुलांनी? शक्य असेल तर काही आठवडे रोजची छोटी नोंद भरून घ्या. आठवणीवर भार कमी पडतो. आणि छपाईआधी चार-पाच शिक्षकांजवळ बसून, प्रत्येक प्रश्न वाचताना मनात काय आलं ते मोठ्याने बोलायला सांगा. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा याचाच होतो.

वेळेचा प्रश्नही सरळ नाही. प्राथमिकला एकच शिक्षक सगळे विषय घेतो. भाषेच्या तासाला बेडकाच्या जीवनचक्राचा उतारा वाचला, तर ती मिनिटं कुठे धरायची? अमेरिकेतल्या २०१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरीपर्यंतच्या वर्गांत विज्ञानाला दिवसाला सरासरी १८ मिनिटं आणि वाचन-भाषेला ८९ मिनिटं निघाली. हे आकडेही शिक्षकांनीच सांगितलेले. तरी ते उपयोगी आहेत, कारण फरक एवढा मोठा असला की थोड्याफार चुकीने चित्र बदलत नाही.

रिग्ज आणि एनॉक्स या संशोधकांची शिक्षकांच्या आत्मविश्वासाची १९९० ची मापनश्रेणी वापरणार असाल, तर ती ‘विज्ञान मला शिकवता येतं’ हा विश्वास मोजते. त्यावरून प्रत्यक्ष अध्यापनाबद्दल निष्कर्ष काढू नका.

थोड्या वर्गांत स्वतः जाऊन बसा आणि ती निरीक्षणं त्याच शिक्षकांच्या उत्तरांशी ताडून पाहा. पण एक-दोन भेटींत दिसलं तेच वर्षभराचं शिकवणं, असंही धरू नका. पाहुणा येणार हे कळलं की तासाची तयारी वेगळी होते.

प्रश्नावल्या मुख्याध्यापकांमार्फत गोळा करू नका. उत्तरं साहेबांच्या टेबलावरून जाणार म्हटल्यावर कोण लिहील, की या महिन्यात प्रयोग झालाच नाही? नाव न लिहिता, बंद पाकिटात, थेट तुमच्या हातात येऊ द्या. निरीक्षणाशी जोडायला पाकिटावर फक्त एक सांकेतिक क्रमांक पुरतो.