संधिवातावरील संशोधनासाठी दिलेली देणगी नेमकी कुठे जाते?

आपल्या आईला आमवात, म्हणजे संधिवाताचाच एक प्रकार, आहे, तिच्या उपचारांच्या धावपळीत एका संस्थेचे देणगीचे पत्रक आपल्या हाती आले आणि त्यात ‘संधिवातावरील संशोधनासाठी’ असे लिहिले असल्यामुळे हा पैसा खरोखर संशोधनाला लागतो का, असे आपण विचारले आहे. मी वर्धा जिल्ह्यातील एका धर्मादाय न्यासाचे हिशेब पाहतो आणि संशोधन-अनुदानाची कागदपत्रे माझ्या नजरेखालून जातात. त्यामुळे उत्तर फक्त पैशाच्या बाजूने देतो. औषधांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही.

अशा संस्था बहुधा स्वतः प्रयोगशाळा चालवत नाहीत. त्या वैद्यकीय महाविद्यालयांकडून आणि संशोधन केंद्रांकडून प्रस्ताव मागवतात, ते त्याच विषयातील बाहेरच्या तज्ज्ञांकडे अभिप्रायासाठी पाठवतात आणि निवडलेल्या प्रकल्पाला हप्त्याहप्त्याने रक्कम देतात. पुढचा हप्ता मिळण्यापूर्वी कामाचा अहवाल आणि विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे आधीची रक्कम ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावे लागते. माणसांवर अभ्यास असेल तर नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि औषधाची चाचणी असेल तर तिची नोंद भारताच्या चाचणी-नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, आधी करावी लागते.

खर्चाचा मोठा भाग यंत्रांवर होत असेल असे पुष्कळांना वाटते, पण गावपातळीवरील अभ्यासात तो माणसांवर होतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या सर्वेक्षणात प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घेत आणि माणसाच्या आकृतीवर दुखऱ्या सांध्यांच्या खुणा करून घेत. असे काम आपल्या भागात करायचे झाले तर कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी दारांना कुलपे असतात, म्हणून कार्यकर्त्याला संध्याकाळी पुन्हा त्याच गावात जावे लागते. रक्ताचा नमुना बर्फाच्या पेटीतून वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. तपासणीला येणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते, तिची भरपाई आणि एसटीचे भाडेही अंदाजपत्रकात धरावे लागते; ते न धरणारा प्रस्ताव मला कागदावरच फसलेला वाटतो.

देणगीच्या पैशाचे खरे महत्त्व मात्र सुरुवातीच्या टप्प्यात आहे. ज्या कल्पनेचा निकाल अजून दिसलेला नाही, तिच्यात कंपन्या सहसा पैसा घालत नाहीत. तेव्हा लंडनमध्ये असलेल्या केनेडी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेला संधिवातासाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेचा दीर्घकाळ आधार होता. तिथे मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी या संशोधकांनी आमवाताच्या दाहामागे शरीरातील टीएनएफ नावाचा घटक असल्याची कल्पना तपासली आणि १९९२ साली त्याला अडवणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) रुग्णांना प्रथम दिले. ते प्रतिपिंड एका औषध कंपनीने पुरवले होते, पण तिथपर्यंतची वाट देणग्यांवर तयार झाली होती. पुढे त्या शोधातून मिळालेले स्वामित्वधन (रॉयल्टी) पुन्हा संशोधनाकडेच वळले. अर्थात दर प्रकल्पाला असे यश मिळत नाही आणि बहुतेक देणग्यांतून एखादा लहान, उपयोगी, पण कुणाच्या लक्षात न राहणारा अहवाल निघतो. तो पुढे मोठ्या सरकारी अनुदानाच्या अर्जाला आधार म्हणून जोडता येतो, आणि माझ्या मते तेही थोडे नाही.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) आरोग्यावर खर्च होतो, पण शिबिर किंवा रुग्णवाहिका दिली की फोटो निघतो. पाच वर्षे चालणाऱ्या रुग्णांच्या पाठपुराव्याचा फोटो निघत नाही. शिवाय २०२० साली परकीय देणग्यांच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर विदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि त्यातून प्रशासकीय खर्चही २० टक्क्यांपलीकडे करता येत नाही. म्हणून इतरांच्या संशोधनाला अनुदान देऊ पाहणाऱ्या न्यासाला देशातील देणगीदारांवरच अवलंबून राहावे लागते.

आता आपल्या पत्रकाकडे वळतो. संस्थेला फोन करून मागच्या वर्षी मंजूर केलेल्या प्रकल्पांची नावे, रकमा आणि निवड कोणी केली हे विचारावे. जी संस्था रुग्णांची शिबिरे घेते आणि त्यालाच संशोधन म्हणते, ती चांगले काम करत असेलही, पण आपला पैसा औषधवाटपात जाईल. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षित ताळेबंद मागण्यात संकोच करू नये. मागितल्यावर राग आला तर तेवढ्यावरूनही पुष्कळ कळते. संशोधन निधीतून आईच्या औषधांचा खर्च मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. त्यासाठी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी किंवा जिल्हा रुग्णालयात वेगळी चौकशी करावी.

देणगी द्यायचीच ठरली तर धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी, कारण २००० रुपयांवरील रोख देणगीला करसवलत मिळत नाही. पावतीवर ‘संशोधन निधीसाठी’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, म्हणजे ती रक्कम त्याच कामासाठी राखीव ठेवणे संस्थेवर बंधनकारक राहते.