पासबुक मागतोय, तर दे

"अक्का, माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. कऱ्हाडला एस.वाय. बी.ए.ला आहे, गावाहून एस.टी.ने एकटा जातो. चालताना तोल जातो, हात थरथरतो, पेपर लेखनिक लिहितो. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. माझी शिलाई आणि त्याचा संजय गांधी निराधार योजनेचा पगार, यावर घर चालतं. आधी 1500 यायचे, आता 2500 येतात. रोज सकाळी त्याला मोजून ऐंशी रुपये देते. रिक्षा, झेरॉक्स, परीक्षा फी, काही पुरत नाही. जाऊ म्हणते, शिकून काय दिवे लावणार, चहाची टपरी टाकून दे, गल्ल्यावर बसेल. बँकेत त्याची सही जुळत नाही, दर वेळी कटकट. कोणी सांगितलं, पालकत्वाचा कागद काढा, मग सगळं तुमच्या सहीने होईल. काढू का? मध्यंतरी थोरलीच्या बाळंतपणात त्याच्या खात्यातले नऊ हजार घातले, ते भरायचे राहिलेत. परवा पासबुक दाखव म्हणाला, मी म्हटलं आधी अभ्यास कर. त्याला शिकवू की थांबवू?"
– एक आई, कऱ्हाड तालुका

मला अक्का म्हटलंस, म्हणून अगं-तुगं करते.

शिकव. त्यात विचारण्यासारखं काही नाही. दोन वर्षं एस.टी. बदलून कॉलेजला जाणाऱ्या पोराला थांबवायचं कशासाठी? कॉलेजच्या ऑफिसात एकदा नीट चौकशी करू दे. दिव्यांग विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) शिष्यवृत्ती सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर असते, अर्ज त्याच्या नावाच्या लॉगिनने भरू दे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं असेलच. लेखनिक मिळतो आहे, पण तासाला वीस मिनिटं जादा मिळतात का? तीन तासांच्या पेपरला पुरता एक तास होतो तो. मिळत नसेल तर मागून घे. म्हणजे, त्याने मागून घ्यावा.

आता मूळ मुद्दा. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीला अडखळले. परवा पासबुक दाखव म्हणाला, मी म्हटलं आधी अभ्यास कर.

अगं, का? वीस वर्षांच्या मुलाने स्वतःच्या खात्याचं पासबुक मागितलं. गाईड मागितलं असतं तर दिलं असतंस. पासबुक मात्र कपाटात, बहुतेक तुझ्या साड्यांच्या घडीखाली. (माझ्या सासूबाई तिथेच ठेवायच्या.) गावात निराधारच्या पैशांना सगळे पगार म्हणतात, तूही पत्रात तोच शब्द लिहिलास. मग ज्याचा पगार त्याला रोज सकाळी मोजून ऐंशी रुपये, हा कुठला हिशोब?

मला हे झोंबतं, त्याला कारण आहे. मी चोवीसाव्या वर्षी शाळेत लागले. पगाराचं पाकीट सासऱ्यांच्या हातात द्यायचं आणि सोमवारी बसला पैसे मागायचे, असं सात वर्षं चाललं. माणसं वाईट नव्हती. मला कधी उपाशी ठेवलं नाही, दिवाळीला साडीही यायची. पण स्टाफरूममध्ये कोणी वर्गणीची वही फिरवली की मी बाथरूमला जायची. तुझा मुलगा कॅन्टीनच्या बाजूला फिरकत असेल असं मला वाटत नाही. ऐंशी रुपयांत रिक्षा बसते, मित्राला चहा पाजणं बसत नाही.

तुझ्या जावेचीही गंमतच आहे. टपरीचा गल्ला सांभाळेल म्हणते. दिवसभर लोकांचे सुटे पैसे मोजेल, उधारी लक्षात ठेवेल. आणि स्वतःच्या खात्यातले अडीच हजार नाही सांभाळणार? तिला सोड, पण तूही या बाबतीत तिच्याच बाजूला बसली आहेस.

पालकत्वाचा कागद काढू नकोस. तो 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची समिती देते. सेरेब्रल पाल्सीचं नाव त्या कायद्यात आहे, म्हणून तुला कोणी सुचवलं असेल. पण कायद्यात आजाराचं नाव असलं म्हणजे प्रत्येकाला पालक हवाच असं होत नाही. इतिहासाचं उत्तर डोक्यात जुळवून लेखनिकाला सांगणाऱ्या मुलाला स्वतःच्या पैशांबद्दल ठरवता येत नाही, हे तू समितीपुढे कुठल्या तोंडाने सांगणार? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात तेरावं कलम आहे. आपले आर्थिक व्यवहार आपण सांभाळायचा हक्क त्याला इतरांइतकाच आहे, असं ते म्हणतं. सही जुळत नसेल तर अंगठा चालतो. मॅनेजर कुरकुरला तर त्याला हे कलम दाखव, आणि दाखवताना मुलगा शेजारी नको, पुढे उभा असू दे.

स्लिप कोण भरणार? तू भर. त्याचा लेखनिक परीक्षेत काय करतो बघ एकदा. मुलगा सांगतो तेवढंच लिहितो. उत्तर चुकतंय असं वाटलं तरी सुधारत नाही, मनाचं एक वाक्य घालत नाही. बँकेत तू तेवढीच हो. आकडा तो सांगेल, तू लिहायचा. "एवढे कशाला रे?" असं तिथे, काउंटरवर, चार माणसांत विचारायचं नाही. मोबाईल नंबर खात्याला तुझा जोडलेला असणार, तो बदलून त्याचा लाव. एटीएम असेल तर त्याचा पिन तुलाही माहीत नको.

'आधी पाचशे देऊन बघते' हा विचार तुझ्या मनात आलाच असेल. नको. पुढचा पगार जमा झाला की सगळा त्याच्या ताब्यात दे. पहिल्या महिन्यात उडवेल. मिसळ खाईल, खिलवेल, कानाला लावायचं काहीतरी घेईल. वीस तारखेला रिक्षाला पैसे उरणार नाहीत आणि तो तुझ्याकडे बघेल. तेव्हा पदराची गाठ सोडू नकोस. उसने मागेल कोणाकडे तरी, कॉलेजात पोरं करतात तसं.

आणि घराचं काय, हे मला कळतं गं. त्या पैशांशिवाय सिलेंडर येत नाही. मग त्याच्याकडे माग. जेवायला बसलात की सरळ म्हण, गॅसला एवढे लागतात, किराण्याला एवढे, तुझे किती देशील? आजवर तो तुझ्याकडे मागत आला, आता तू त्याच्याकडे माग. जड जाईल. माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत जमलं नाही.

राहता राहिले ते नऊ हजार. तू पासबुक का दाखवलं नाहीस ते मला त्याच ओळीच्या आधीच्या ओळीत कळलं. आधी भरून टाकू, मग दाखवू, असा तुझा बेत आहे. ब्लाउज शिवून नऊ हजार साठायला वर्ष जाईल आणि तोवर तो आणखी चारदा मागेल, किंवा मागायचं सोडून देईल. याच रविवारी काढ पासबुक. ती नोंद येईल तिथे बोट ठेव आणि सांग, हे ताईच्या बाळंतपणाला लागले, तुला न विचारता घेतले. चिडला तर चिडू दे. आपण मामा झालो ते पेढे वाटण्यापुरतं नाही, खर्च आपल्या खात्यातून झाला, हे त्याला अजून कोणी सांगितलेलंच नाही.

– अक्का