बगल्याच्या मॉडेलवर बहरीनचा झेंडा: टोकं मोजा, काळ कळेल

प्रश्न असा आहे: 1825च्या सुमाराच्या बहरिनी बगल्याच्या, म्हणजे अरबी शिडाच्या मोठ्या गलबताच्या, मॉडेलवर बाजारात मिळणारा लाल-पांढरा दातेरी झेंडा चालेल का? नाही चालणार. दाते 1930च्या दशकात आले, म्हणजे शंभरएक वर्षांनी.

मुळात झेंड्यात पांढरा रंग शिरला तो लढाईमुळे. आखातातल्या अरब गलबतांवर आधी नुसता लाल झेंडा असे. 1819च्या अखेरीस मुंबईहून निघालेल्या इंग्रजी आरमाराने रास अल-खैमा हे आखाती बंदर पाडलं. फौजेचा प्रमुख होता विल्यम केर ग्रांट. जानेवारी 1820मध्ये तह झाला आणि फेब्रुवारीत बहरीनचे शेख सलमान आणि अब्दुल्ला हे भाऊही त्यात सामील झाले. तिसरं कलम झेंड्याचंच आहे: लाल झेंडा, भोवती पांढरी किनार, किनारीची रुंदी लालाइतकी, लालावर अक्षरं हवी तर घालावी. नुसता झेंडाही पुरत नसे. जहाजाचं नाव, लांबी, रुंदी, किती माल मावतो हे एका कागदावर. मालक, नाखवा, माणसं, हत्यारं, कुठून निघालं, कुठे चाललं हे दुसऱ्यावर. दोन्हींवर शेखाची सही. वाटेत इंग्रजी जहाज भेटलं की हे दाखवायचे. त्या बदल्यात इंग्रजांची बंदरं खुली, मुंबईसुद्धा.

कलम शब्दशः धरलं तर 30 मिमी उंचीच्या झेंड्यात वर 10 पांढरा, मध्ये 10 लाल, खाली 10 पांढरा. दोन्ही बाजूंनाही तशीच किनार. पण बहरीनमध्ये पांढरं काठीकडच्या पट्टीपुरतंच राहिलं, म्हणून तुमच्या बगल्यावर मी सरळ कडेची उभी पट्टीच लावेन. चारी बाजूंनी किनार आजही शारजा आणि रास अल-खैमाच्या झेंड्यांत दिसते, त्यामुळे तसा झेंडा पाहणाऱ्याला तिकडचा वाटतो. सरळ पट्टी मात्र दुबई-अजमानचीही आहे, तेव्हा पाटीवर नाव आणि साल लिहाच.

पुढच्या काळाचं मॉडेल केलंत तर दात्यांची टोकं मोजा. 1972 ते 2002 आठ. 14 फेब्रुवारी 2002 रोजी बहरीन राजाचं राज्य (किंगडम) झालं, तेव्हापासून पाच, इस्लामच्या पाच स्तंभांची. मोजायची पांढरी टोकं. लाल मोजलीत तर चार पूर्ण आणि कडांना दोन अर्धी मिळतात, आणि घोळ होतो. नऊ टोकं आणि रंग लालऐवजी गडद मरून असेल तर तो कतारचा. त्याचं प्रमाण 11:28, बहरीनचं 3:5.

आखणी: 30 × 50 मिमीच्या झेंड्यात उंचीचे 6 मिमीचे पाच भाग करा. टोकं वरून 3, 9, 15, 21 आणि 27 मिमीवर येतात. वरच्या-खालच्या कडेला पांढरं अर्धं टोक आलं तर विभागणी चुकली आहे. जुना खरा झेंडा समोर असेल तर लांबी-रुंदीवरून काळ ठरवू नका. वाऱ्याने काठीपासून लांबची मोकळी कड विरते, ती कापून पुन्हा दुमडून शिवतात, आणि झेंडा दर वेळी आखूड होतो. काठीकडचे दाते शाबूत राहतात.

रंगवताना आधी सगळा कागद पांढरा करा, वाळू द्या, दात्यांवर बारीक टेप लावून मगच लाल मारा. लालावर पांढरा मारलात तर तो गुलाबी दिसतो.