मुलांच्या नाटकात डोळ्यांवर पट्टी नको

अमेरिकेतल्या शाळांना सुट्टी लागून मुलं मुंबईला पोचतात, तोवर इथल्या शाळा उघडायला आलेल्या असतात. तेव्हा दादर-पार्ल्यातल्या भावंडांबरोबर नाटक बसवायचं, तर तालमी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारीच होणार, हे धरून चला. पाऊण तासाच्या नाटकाला सहा आठवडे ठेवा. विषय अपंगत्वाचा असेल, तर पहिला आठवडा संहितेला हातही लावू नका.

त्या आठवड्यात एक चूक हमखास होते. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना दहा मिनिटं खोलीत फिरवतात आणि विचारतात, "कळलं का किती कठीण असतं?" त्या मुलाला कळते ती अचानक अंधार झाल्याची भीती. रोज पांढरी काठी घेऊन दादर स्टेशनचा पूल उतरणाऱ्या माणसाचं कसब त्याला कळत नाही. मूल कीव घेऊन घरी येतं, आणि रंगमंचावरही तीच दिसते: हात पुढे ताणलेले, मान वर, पाय घासत.

पट्टीऐवजी हातात मोजपट्टी द्या. आजीच्या इमारतीपासून तालमीच्या हॉलपर्यंत चाकांची खुर्ची कुठे अडेल, ते मुलांनी लिहून आणावं. १५ सेंटिमीटर उंचीच्या एका पायरीला १:१२ उताराचा, म्हणजे उंचीच्या बारापट लांबीचा, रॅम्प करायचा, तर तो १.८ मीटर लांब होतो. लिफ्टसमोर तेवढी जागा आहे का? रात्री जेवताना "कसं वाटलं?" असं विचारू नका, "आज कुठे अडलं, आणि कशामुळे?" असं विचारा.

पात्र अंध असेल, तर पहिल्या वाचनापासून एक अंध व्यक्ती सल्लागार म्हणून तालमीत हवी, तीही मानधन देऊन. प्रयोगाच्या दिवशी नुसता नारळ देऊन सत्कार करण्यात काही अर्थ नाही. "असं होत नाही" म्हणून प्रसंग बदलायला लावण्याचा अधिकार त्यांना असेल, हे दिग्दर्शकाशी आधीच ठरवून घ्या. वरळीची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि कर्णबधिर पात्रासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, इथे मुंबईला येण्याच्या महिनाभर आधीच विचारणा करा.

काठी शिकवायला त्या सल्लागारांनाच सांगा, कारण ती दिसते तेवढी सोपी नाही. उभी धरली की ती छातीच्या हाडापर्यंत यावी. हात पोटासमोर मध्यावर, हालचाल मनगटातून, झोका खांद्यांपेक्षा किंचित रुंद. उजवं पाऊल पडतं तेव्हा टोक डावीकडे असतं, कारण पुढचं पाऊल डावं असतं आणि त्याची जागा आधी तपासायची असते. मुलं नेमकं उलटं करतात. मग पाऊल न तपासलेल्या जागी पडतं. सोबत चालण्याचंही तसंच. मुलं दंड पकडून अंध माणसाला पुढे ढकलतात. खरं तर त्याने सोबत्याचा हात कोपराच्या जरा वर धरायचा आणि सोबत्याने अर्धं पाऊल पुढे राहायचं. सोबती पायरी उतरला की ते हाताला आपोआप कळतं.

तिकडच्या शाळेत मूल अमेरिकन सांकेतिक भाषा शिकलं असेल, तर ती इथे चालेल असं समजू नका. तिची मुळाक्षरं एका हाताची आहेत, तर भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं बहुतांशी दोन्ही हातांनी करतात. प्रकाशयोजनाकारालाही सांगून ठेवा: संवाद चालू असताना प्रकाश मंद केला, तर कर्णबधिर प्रेक्षकांसाठी ते वाक्य गेलंच.

संहिता निवडताना एवढं पाहा, की त्या पात्राला बरं होण्याखेरीज आणखी काही हवं आहे का. त्याला भांडता येतं का, खोड्या काढता येतात का? बाकीचे रडतात आणि ते नुसतं बसून राहतं, अशी संहिता सरळ बाजूला ठेवा.

प्रयोगाआधी अर्धा तास अंध प्रेक्षकांना रंगमंचावर नेऊन नेपथ्य आणि कपडे हाताळू द्या. कलाकार मुलांनी आपापल्या आवाजात स्वतःची ओळख करून द्यावी. चाकांच्या खुर्च्यांसाठी कोणती रांग मोकळी राहील, हे नाट्यगृहाची तारीख घेतानाच व्यवस्थापकांकडून लिहून घ्या.