टॅग विषयासाठी, नियम खुणांवर: बातम्यांच्या मुख्यपानाची सरमिसळ कशी सोडवायची

प्रश्न थोडक्यात असा: वर्डप्रेसवर जिल्हावार बातम्यांचं संकेतस्थळ आहे. एकच बातमी मुख्यपानावर तीन-चार ब्लॉकांत दिसते, ठाण्याच्या पानावर भलत्याच जिल्ह्यांतले गुन्हे येतात, 'ब्रेकिंग'ची पट्टी दुसऱ्या दिवशीही उतरत नाही आणि प्रायोजित मजकूर 'ताज्या बातम्यां'त घुसतो.

या तक्रारींमागचं एक मोठं मूळ असं आहे. टॅगांच्या एकाच चौकटीत दोन वेगळ्या गोष्टी टाइप होत आहेत. 'ऊस दर', 'जलजीवन मिशन' हे टॅग वाचकाला बातमीचा विषय सांगतात. 'ब्रेकिंग', 'मुख्यपान-१', 'प्रायोजित' हे संकेतस्थळाला दिलेले हुकूम आहेत. विषयाचे टॅग डेस्कवरचा कोणीही घाईत लिहितो, त्यात चुका होणारच. हुकुमात चूक झाली तर जाहिरात बातमी म्हणून छापली जाते. म्हणून हुकूम टॅगांतून बाहेर काढा आणि मोकळेपणाने टाइप केलेल्या टॅगावर एकही नियम बांधू नका.

त्यासाठी 'मांडणी' नावाची स्वतंत्र टॅक्सॉनॉमी (बातम्यांच्या वर्गीकरणाची यादी) नोंदवा. ती हायरार्किकल (पातळ्यांची) ठेवा, म्हणजे संपादकाला टाइप करायची चौकट न दिसता टिकमार्कची यादी दिसेल. पब्लिक बंद ठेवा, नाहीतर 'ब्रेकिंग' नावाचं संग्रहपान तयार होऊन शोधयंत्रांत जाईल. यूआय (संपादकाला दिसणारी बाजू) आणि रेस्ट (एडिटर आणि ॲप ज्या मार्गाने वर्डप्रेसकडून माहिती घेतात तो) मात्र चालू ठेवा. रेस्ट बंद असेल तर ब्लॉक एडिटरमध्ये ही यादी दिसतच नाही. यादीत सहा-सात खुणांपेक्षा जास्त नकोत: ब्रेकिंग, मुख्य बातमी, प्रायोजित, संवेदनशील, थेट, मुख्यपानावर नको. नव्या खुणा बनवायचा हक्क फक्त ॲडमिनला द्या.

नियम थीमच्या (संकेतस्थळाचं रूप ठरवणाऱ्या) टेम्प्लेट फाइलीत लिहू नका, 'मस्ट-यूज' म्हणजे कायम चालू राहणाऱ्या प्लगइनमध्ये लिहा. मुख्यपानाच्या टेम्प्लेटमध्ये लिहिलेला नियम त्या पानापुरताच चालतो. आरएसएस फीड, मोबाइल ॲपला जाणारी रेस्ट उत्तरं, न्यूज साइटमॅप (शोधयंत्रांना दिलेली बातम्यांची यादी) आणि पुश नोटिफिकेशन त्याला वळसा घालून जातात. मुख्यपानावरून काढलेली बातमी ॲपमध्ये दिसते ती यामुळेच. 'ही बातमी अमुक जागी दाखवायची का' याचं उत्तर देणारं एकच फंक्शन असावं आणि प्रत्येक मार्गाने त्यालाच विचारावं.

फंक्शनमधला क्रम महत्त्वाचा आहे. आधी अडवणारे नियम: संवेदनशील, वेळेचं बंधन. मग ओळख सांगणारे: प्रायोजित. त्यानंतर जागा देणारे: मुख्य बातमी, ब्रेकिंग. जिल्हा आणि विषय सगळ्यांत शेवटी. क्रम उलटा झाला की 'मुख्य बातमी'ची टिक 'संवेदनशील'वर मात करते.

क्वेरी (डेटाबेसकडे केलेली बातम्यांची मागणी) बदलण्यासाठी बातम्या मागवण्याआधी चालणारा 'pre_get_posts' हुक (वर्डप्रेसच्या कामात आपला कोड जोडायची जागा) वापरत असाल तर दोन तपासण्या हव्यातच: ही मुख्य क्वेरी आहे का, आणि आपण ॲडमिनमध्ये (संपादकांच्या कामाच्या पानांत) तर नाही ना. दुसरी विसरली की संपादकांच्या यादीतूनही बातम्या गायब होतात आणि 'बातमी उडाली' म्हणून धावपळ सुरू होते.

तीच बातमी पुन्हा दिसण्याचं दुखणं वेगळं आहे. ब्लॉक वरून खाली काढा आणि दाखवलेल्या प्रत्येक बातमीचा क्रमांक एका यादीत टाकत जा. मात्र ही यादी क्वेरीला 'या वगळा' म्हणून देऊ नका. प्रत्येक वेळी यादी वेगळी, म्हणजे क्वेरी वेगळी, म्हणजे कॅशेचा (साठवून ठेवलेल्या तयार उत्तरांचा) उपयोग शून्य. त्यापेक्षा ब्लॉकला ६ बातम्या हव्या असतील आणि वर १४ दाखवून झाल्या असतील तर सरळ २० मागा आणि आधी आलेल्या पीएचपीत (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिच्यात) गाळा. एखादा ब्लॉक नंतर अजॅक्सने (पान उघडल्यावर स्वतंत्रपणे) लोड होत असेल किंवा वेगळा कॅशे होत असेल, तर त्याच्यापर्यंत यादी पोचत नाही. तिथे पुनरुक्ती होणारच, त्यामुळे असे ब्लॉक पानाच्या तळाशी ठेवा. बातमी वर चिकटवून ठेवणारी 'स्टिकी' सोय तर बंदच करा. वर्डप्रेस स्टिकी बातम्या ठरवलेल्या संख्येच्या वर जोडतं, म्हणून १० च्या ब्लॉकमध्ये १२ येतात आणि मांडणी मोडते.

आता ठाण्याकडे. मथळ्यात किंवा मजकुरात शब्द सापडला की जिल्हा आपोआप लावायचा, असा नियम मराठीत चालत नाही. 'पुणे' शोधलं तर 'पुण्यात', 'पुण्याच्या' सुटतात, कारण सामान्यरूपात शब्दच बदलतो. ती रूपं यादीत घातली की उलटी अडचण येते: 'ठाण्यात' हे रूप राज्यभरातल्या प्रत्येक 'पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल'मध्ये आहे. तुमच्या पानावर परजिल्ह्यांतले गुन्हे येतात ते यामुळे. कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत, मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशिममध्ये. जुन्या सवयीने 'नगर' शोधलं तर प्रत्येक शिवाजीनगर त्यात येतं. शब्दाची सीमा पाहून हे सुटेल असं वाटतं, पण जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (शब्द शोधण्याच्या नमुन्यातली) शब्दसीमेची खूण फक्त रोमन अक्षरं आणि अंक जाणते. देवनागरीत ती निरुपयोगी आहे.

म्हणून जिल्हा आणि तालुका यांची वेगळी, ठरावीक यादीची टॅक्सॉनॉमी करा: ३६ जिल्हे वरच्या पातळीवर, तालुके त्यांच्याखाली. दोन्ही कर्जत वेगवेगळ्या पालकांखाली राहतात, फक्त स्लगमध्ये (वेबपत्त्यातल्या नावात) जिल्ह्याचं नाव जोडा. ठिकाण निवडल्याशिवाय 'प्रकाशित करा'चं बटण चालू होऊ देऊ नका. वार्ताहर डेटलाइन लिहितोच, त्याला ही एक टिक जड नाही. नामांतर झालेल्या जिल्ह्यांसाठी नवा टर्म (यादीतली नोंद) उघडू नका. आहे त्याच टर्मचं नाव बदलून छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर करा, स्लग तसाच राहू द्या आणि जुनं नाव वर्णनात ठेवा. नाहीतर नामांतराआधीच्या बातम्या एका पानावर आणि नंतरच्या दुसऱ्या पानावर, अशी फाळणी होते.

विषयाचे टॅग मोकळे ठेवायला हरकत नाही, पण त्यांची नियमित झाडलोट लागते आणि मराठीत ती जास्त लागते. 'ॲप' दोन प्रकारे टाइप होतं: एकसंध 'ॲ', किंवा 'अ'वर वेगळा चंद्र. 'शेतकऱ्यांचे प्रश्न' मधला 'ऱ्य' काही कळफलक 'ऱ' घेऊन बनवतात, तर काही साध्या 'र'नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. नेहमीच्या युनिकोड एनएफसी सामान्यीकरणानेही (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायच्या पद्धतीनेही) हे जोड एक होत नाहीत. टॅग जतन होण्याआधी चालणारं छोटं फिल्टर लिहा: दोन्ही जोड्या एकाच रूपात आणा आणि कडेच्या मोकळ्या जागा काढा.

स्लग रोमन अक्षरांत हाताने द्या. वर्डप्रेस स्लग २०० अक्षरांवर तोडतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्राही, पत्त्यात ९ अक्षरं खातं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'मुंबई महानगरपालिका निवडणूक' याचा स्लग 'निवडण' इथेच तुटतो. त्यालाच 'निकाल' जोडून दुसरा टॅग केला तर तोही तिथेच तुटतो आणि दोन टॅग एकाच पत्त्यावर भांडतात.

जुन्या टॅगांची यादी डब्ल्यूपी-सीएलआयने (वर्डप्रेसला टाइप करून आज्ञा द्यायच्या साधनाने) बातम्यांच्या संख्येसह काढा. आधी डेटाबेसचा बॅकअप. एक-दोनच बातम्या असलेले टॅग विलीन करा किंवा उडवा. टॅग उडवल्याने बातमी जात नाही. जुन्या पत्त्यांवर ३०१ (नव्या पत्त्याकडे कायमचं वळवणं) लावा. जी पातळ टॅगपानं राहतील त्यांना नोइंडेक्स (शोधात दाखवू नका, अशी खूण) द्या, पण तीच पानं रोबॉट्स फाइलीत (शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या) अडवू नका. गूगलला पान उघडताच आलं नाही, तर त्यावरचा नोइंडेक्स त्याला दिसणारच नाही.

ब्रेकिंगची पट्टी उतरत नाही त्याचं कारण बहुधा नियमात नसून घड्याळात आहे. वर्डप्रेसचं क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं करणारी सोय) कोणी पान उघडलं की चालतं. पूर्ण पान कॅशेतून जात असेल तर पीएचपी चालतच नाही आणि काम तसंच पडून राहतं. ते बंद करून सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनवर दर मिनिटाला लावा. खूण काढल्यावर मुख्यपानाचा कॅशेही त्याच कामात पुसा. शिवाय खुणेबरोबर संपण्याची वेळ साठवा आणि दाखवताना ती तपासा, म्हणजे क्रॉन चुकला तरी पुढच्या वेळी पान नव्याने तयार होताना पट्टी जाते. वेळ साठवताना यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि भारतीय वेळ यांत गल्लत झाली तर साडेपाच तासांचा फरक पडतो. एक्झिट पोलसारखा मजकूर निवडणूक आयोगाने घातलेल्या बंदीच्या काळात बाहेर जाणं कायद्याने गुन्हा आहे, तिथे ही गल्लत परवडणारी नाही.

प्रायोजित खूण लागली की चार गोष्टी एकदम व्हाव्यात: मथळ्यावर ठळक शब्दांत ओळख, दुव्यांना 'स्पॉन्सर्ड' गुणधर्म, 'ताज्या' आणि 'सर्वाधिक वाचलेल्या' यादीतून वगळणं, न्यूज साइटमॅपमधून वगळणं. संपादकाच्या आठवणीवर यातलं काहीच सोडू नका.

आणि 'संवेदनशील' खुणेकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ मनाई करतं, बालकांबाबत पोक्सोचं (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम २३. बातमीत नाव नसतंच. ओळख फुटते ती टॅगांतून. एका बातमीवर गावाचा टॅग, दुसरीवर शाळेचा, आणि 'संबंधित बातम्यां'चा ब्लॉक त्या दोन्ही शेजारी आणून ठेवतो. म्हणून ही टिक लागताच त्या बातमीचे सगळे विषय-टॅग लपवा, ठिकाण तालुक्याऐवजी जिल्ह्यापर्यंतच दाखवा, संबंधित बातम्या, प्रतिक्रिया, आपोआप येणारा फोटो आणि पुश बंद करा. ती बातमी इतर बातम्यांच्या 'संबंधित' यादीतही जाऊ देऊ नका. ही उलटी बाजू बहुतेक ठिकाणी राहून जाते. तपासायला एक चाचणी बातमी टाका आणि तिचं पान, टॅगपानं, फीड, रेस्टचं उत्तर आणि ॲप अशा पाचही जागी जाऊन बघा. रेस्टच्या उत्तरात टॅगांचे क्रमांक उरलेले सापडले तर तेही तिथून काढा.